थंडीत आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमणार आहोत, सोबत कोणती वाइन ठेवावी?

तुमचा बेत वाचला: भोपळ्याचं क्रीम सूप, मशरूम रिझोतो (इटालियन पद्धतीचा मऊसर भात), चार तास मंद आचेवर शिजवलेलं मटण, मग चीज आणि शेवटी चॉकलेट केक. प्रत्येक पदार्थाला वेगळी वाइन लागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही लागणार. तीन प्रकार भरपूर झाले, दोनांतही भागतं.

आधी एक गोष्ट सांगतो, जी मला फार उशिरा कळली. थंडी पडली की आपला हात आपोआप जड रेड वाइनकडे जातो: पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, ओकच्या पिंपात मुरलेली, गडद रंगाची. पहिला ग्लास झकास लागतो. दुसऱ्या ग्लासाला जीभ थकते आणि ताटातला घासही नकोसा होतो. तुमच्या जेवणात साय, लोणी, चरबी आधीच इतकी आहे की त्यावर आणखी जडपणा चढवून उपयोग नाही. अशा जेवणाला आंबटपणा हवा असतो. तळलेल्या माशावर लिंबू का पिळतो? तेच काम इथे वाइनने करायचं. घोट घेतला की तोंड धुतल्यासारखं स्वच्छ झालं पाहिजे आणि पुढचा घास घ्यावासा वाटला पाहिजे.

म्हणून रेडमध्ये माझी पहिली पसंती बार्बेरा. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत आहे, तिथलं हे द्राक्ष. त्याच प्रांतात नेबिओलो द्राक्षापासून बारोलो ही नामांकित वाइन करतात, पण तिच्यात टॅनिन दणकून असतं. बार्बेराचा रंग गडद, आंबटपणा भरपूर, टॅनिन मात्र कमी. तुमच्या बेतात हा फरक फार मोलाचा आहे. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं करतं. दुधाशिवाय कडक उकळलेला चहा प्यायल्यावर होतं ना, अगदी तसं. मटणासोबत ते चालून जातं, कारण मांसातली प्रथिनं, चरबी आणि मीठ त्याची धार बोथट करतात. मशरूमचं तसं नाही. त्यांच्या उमामी, म्हणजे मांसल-खमंग चवीमुळे टॅनिन उलट जास्त कडू लागतं. जड रेडसोबत रिझोतो खाऊन कुणी तोंड वाकडं केलं, तर दोष रिझोतो करणाऱ्याचा नसतो. रिझोतोत मीठ नीट असू द्या, वर दोन थेंब लिंबू पिळा, फरक लगेच जाणवेल. बार्बेरा मिळाली नाही तर किआंती किंवा पिनो न्वार या रेड वाइन बघा. मटणाला वाइन निवडताना रस्सा कसला आहे ते बघायचं, मांस कुठलं हा प्रश्न नंतरचा. टोमॅटोचा आंबट रस्सा असेल तर किआंती, मशरूम आणि हर्ब्जचा असेल तर पिनो.

दुसरी वाइन रीसलिंग, ही व्हाइट वाइन, थोडासा गोडवा ठेवलेली. जर्मन बाटली असेल तर लेबलवर 'कबिनेट' शोधा. तिथे 'ट्रोकन' लिहिलं असेल तर ती ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली. भोपळा मुळात गोडसर असतो आणि गोड पदार्थासमोर ड्राय वाइन आंबट नि पातळ लागते, म्हणून हा थोडा गोडवा हवा. हीच वाइन नंतर चीजबरोबर परत काढा. चीज म्हटलं की रेड, हा समज इतका पक्का बसलाय की सांगूनही कुणी ऐकत नाही, पण मऊ, सायीदार चीजसोबत टॅनिन बरेचदा धातूसारखं लागतं. एकदा दोन्ही ग्लास शेजारी ठेवून बघा.

केकसाठी एकच नियम: वाइन केकपेक्षा गोड हवी. ती नसेल तर सरळ कॉफी द्या. हवीच असेल तर पोर्ट घ्या. तिचं आंबवणं मध्येच द्राक्षाचं स्पिरिट घालून थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. माणशी ५०-६० मिली पुरे. चीजमध्ये ब्लू चीज असेल तर पोर्ट त्याच्यासोबतही सुरेख जाते, खारट आणि गोड एकमेकांना धरून राहतात.

आता तापमान. ऐन थंडीतल्या जेवणात वाइन बिघडते ती इथेच. एका रात्री माझ्याकडे एकाच वाइनच्या दोन बाटल्या होत्या. एक हीटरजवळच्या फळीवर राहिली, दुसरी विसरून बाल्कनीत. फळीवरची ओतली तेव्हा ग्लास हाताला कोमट लागत होता आणि नाकाशी नेला की स्पिरिटचाच वास. फळांचा वास कुठे नाहीच. ती संपली म्हणून बाल्कनीतली उघडली. ग्लासच्या बाहेर बारीक दव धरलं. पहिल्या घोटाला शेजारची मैत्रीण म्हणाली, "ही कुठली? ही आधी का नाही काढलीस?" वाइन तीच होती, वर्षही तेच.

रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला घरं गार असायची तेव्हाचा आहे. हीटर लावलेल्या खोलीत २२-२३ अंश असतात, तर बार्बेराला १५-१६ आणि पिनोला १३-१४ अंश हवेत. वाढण्याआधी तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. रीसलिंग फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या, फार गार असली तर वासच येत नाही.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. आठ जणांना बार्बेराच्या तीन, रीसलिंगच्या दोन आणि पोर्टची एक बाटली पुरेल. टेबलावर पाण्याचे जग भरलेले ठेवा. गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी आंबटसर काहीतरी खास करा, लिंबू-आलं घातलेला सोडा किंवा गार केलेला लेमनग्रासचा चहा, आणि तो वाइनच्याच ग्लासात द्या. त्यांच्याही जिभेला त्या मटणासोबत तोच आंबटपणा हवा असतो.