आता तरी माझी पाळी येईल ना?

प्रश्न : तीन वर्षं महिन्याला चार-पाच सोडतींत नाव घालते आहे. वहीत मोजलं तर १८० प्रवेशिका झाल्या, हाती मात्र भोपळा. इतक्यांदा हुकल्यावर आता तरी माझी पाळी येईल ना? घोषवाक्य स्पर्धा मी सोडून देते, तेवढं डोकं कोण खाजवणार! सध्या एका सोडतीला प्रवेशशुल्क आहे, पण बक्षीस शुल्काच्या ५,००० पट. भरू का? – एक वाचक

उत्तर : ताई, वही ठेवता हे फार आवडलं. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या सोडतींचा हिशेब कधी ठेवला नाही. ठेवला असता तर एका छत्रीपायी किती पाकिटं चिकटवली ते कळलं असतं, आणि ती छत्रीही पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली.

पाळी नळावरच्या रांगेत येते, सोडतीत नाही. डब्यात हात घालणाऱ्याला तुमच्या मागच्या १८० चिठ्ठ्यांचं काय सोयरसुतक? तुमचं नशीब फुटकं आहे असंही नाही. प्रत्येक सोडतीत २,००० जणांमागे एक बक्षीस धरा. मग १८० वेळा भाग घेऊन एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के निघते. म्हणजे तुमच्यासारख्या शंभरातल्या एक्क्याण्णव जणांच्या हाती भोपळाच आहे. फोटो मात्र उरलेल्या नऊ जणांचे छापून येतात. निदान एकदा लागण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर जवळजवळ १,३९० प्रवेशिका लागतील. तुमच्या वेगाने तेवीस वर्षं.

शुल्काचं गणित सोपं. बक्षीस ५,००० पट, पण भाग किती जण घेणार? २०,००० जण आले आणि बक्षीस एकच असेल, तर सरासरीने तुमच्या शुल्कातला चौथा हिस्सा परत येतो, तीन हिस्से गेले. संयोजक प्रवेशिकांचा आकडा सांगत नसतील तर मी पाकीट उघडणार नाही. करमणूक म्हणून भरायचं असेल तर खुशाल भरा, फक्त वहीत ते करमणुकीच्या खात्यात लिहा.

आता तुम्ही सोडून देता त्या घोषवाक्यांविषयी. मी एकदा अशा स्पर्धेचा परीक्षक होतो. ४०० च्या आसपास प्रवेशिका आल्या होत्या. नियम होता दहा शब्दांचा, आणि निम्म्याहून अधिक लोकांनी तो वाचलाच नव्हता. कुणी पंधरा शब्द, कुणी अख्खी कविता, एकाने तर घोषवाक्याऐवजी तक्रार लिहिली होती. ते सगळे आधीच बाद. उरलेल्यांत एकाच यमकावर बेतलेली तीसेक वाक्यं निघाली, तीही आम्ही बाजूला सारली. असं गाळत गाळत शेवटी टेबलावर चाळीसेक चिठ्ठ्या राहिल्या आणि आमची खरी भांडणं तिथे सुरू झाली. नियम पाळून, जरा वेगळं लिहिणाऱ्याची स्पर्धा त्या चाळिसांशीच होती. डोकं खाजवावं लागतं म्हणूनच तिथे गर्दी कमी असते, ताई.

आणखी एक. उद्या कुणी फोन करून ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी थोडे पैसे भरा’ म्हणालं, तर वही उघडून त्या स्पर्धेचं नाव शोधा. नाव सापडलं तरी पैसे भरू नका, संयोजकांचा नंबर नियमपत्रकावरून घेऊन स्वतः फोन करा.

पुढच्या महिन्यात दोन घोषवाक्यं पाठवून बघा. शब्द मोजून.