वाचकांचे प्रश्न : वावर, चूल आणि आईची तब्येत

कापसाचा शेवटचा वेचा उरकत आलाय, तूर घरात आली आहे आणि माळ्यावरचा कुलर खाली उतरवायची वेळ झाली आहे. या महिन्याच्या पत्रांत घरच्या बाईच्या तब्येतीचे आणि तिच्या विसाव्याचे प्रश्न जास्त आले. पत्रं लांब होती, म्हणून इथे प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : गावातल्या शिबिरात हिमोग्लोबिन ८.९ निघालं. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या. चार दिवस घेतल्या तर मळमळ सुरू झाली, शौचाला काळं व्हायला लागलं, म्हणून बंद केल्या. बीट आणि खजूर खाऊन रक्त भरून निघेल का? (आर्णी तालुका, यवतमाळ)

उत्तर : ताई, गोळ्या बंद करू नका. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असायला हवं. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र. ८.९ वरून वर यायला नुसतं खाणं पुरत नाही. बिटाचा रंग लाल आहे म्हणून ते रक्त वाढवतं अशी समजूत आहे, पण १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं. तुमच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं.

शौचाला काळं होतं ते अंगात न जिरलेल्या लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वासाचं होत असेल किंवा सोबत पोटात दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मळमळीवर उपाय आहे. लोहाची गोळी उपाशीपोटी जास्त जिरते हे खरं, पण उपाशीपोटी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर, निजायच्या आधी घ्या. मळमळ झोपेत निघून जाते. थोडं कमी जिरेल, पण पाकिटात पडून राहणाऱ्या गोळीपेक्षा पोटात गेलेली गोळी कधीही बरी. पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्यासोबत गिळा, 'क' जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. गोळीच्या एक तास आधी आणि दोन तास नंतर चहा, दूध नको. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती सकाळी, लोहाची रात्री. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह वाया जातं. आपल्याकडे जेवण झालं की लगेच कप हातात येतो. घरातल्या बायकांचं रक्त न वाढण्यामागे हा चहा बऱ्याचदा असतो, आणि तो कुणी मोजतच नाही.

दिवसाला एक गोळी की दोन, की दिवसाआड, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लवकर बरं वाटावं म्हणून आपल्या मनानं दुप्पट घेऊ नका. महिन्याभरानं पुन्हा तपासा. गोळी नियमित गेली असेल तर साधारण १ ग्रॅमनं आकडा वर आलेला दिसायला हवा. १२ गाठल्यावरही आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण रक्त भरलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामाच असतो. बहुतेक जणी नेमक्या इथेच थांबतात आणि पुढच्या हंगामात परत ९ वर येतात.

महिनाभर नीट घेऊनही आकडा हलला नाही तर तीन गोष्टी बघायच्या. पाळी सात दिवसांहून जास्त जाते का, किंवा दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का? मग आधी त्याचा इलाज. दुसरं, जंत. ओल्या मातीत अनवाणी चालल्यानं हुकवर्म नावाचे बारीक जंत पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. जंतांची गोळी केंद्रात मिळते, आणि वावरात चप्पल-बूट हवाच.

तिसरं, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर आणि तुमच्या यवतमाळपर्यंत हा आजार घराघरांत सापडतो. त्याच्या उच्चाटनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. बोटाच्या थेंबाची पहिली तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या दुसऱ्या चाचणीनं वाहक की रुग्ण ते कळतं. वाहक बाईला लोह कमी असेल तर गोळी चालते. रुग्ण असेल, आणि विशेषतः रक्त चढवलेलं असेल, तर अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय गोळी घ्यायची नाही. घरात कुणाचे हातपाय वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर सगळ्यांचीच तपासणी करून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर ते गोळीच्या जोडीला हवंच. अंबाडीची भाजी किंवा टमाट्याचं बेसन लोखंडी कढईत करा. आंबट पदार्थात कढईचं लोह उतरतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडून तुरट लागतं. मूग, मटकी, चवळी मोड आणून खा. मोड आल्यानं लोह अडवणारा घटक कमी होतो. वर लिंबू पिळा. वरूड-मोर्शीकडची मृग बहाराची संत्री बाजारात आहेत, तर जेवणानंतरच्या चहाच्या जागी एक संत्रं खा.

प्रश्न : वावरात आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. आता लघवीला जळजळ होते. कुणाला सांगायचीही लाज वाटते. (अंजनगाव सुर्जी तालुका, अमरावती)

उत्तर : हे दुखणं फार जणींचं आहे आणि ते लाजेनंच वाढतं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, तासन्‌तास दाबून ठेवली की मूत्राशयात जंतू वाढतात आणि जळजळ सुरू होते. आज जळजळ आहे, तर उपकेंद्रात जाऊन लघवी तपासा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका, जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन दिवसांची गोळी आणून खाऊ नका. अर्धवट औषधानं जळजळ दबते आणि महिन्यात परत येते.

वावरातली सोय चार बायकांनी मिळून करायची. धुऱ्याच्या कडेला चार काठ्या रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा बांधायला पाव तास लागतो. शेतमालकाला एकटीनं सांगू नका, टोळीनं सांगा. उन्हात काम करताना दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी पोटात जायला हवं. एकदम तांब्याभर पिऊन तीन तास काढण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला पेलाभर प्या. लघवीचा रंग फिकट राहिला तर पाणी पुरतं आहे असं समजा.

प्रश्न : पऱ्हाटी वेचून कंबर वाकते आणि बोटांना चिरा पडतात. रात्री काय करावं? (हिंगणघाट तालुका, वर्धा)

उत्तर : रात्रीच्या आधी दिवसाचं बघू. ओटीत कापूस भरत जातो तसं सगळं वजन पोटाकडून ओढतं आणि कंबरेचे स्नायू ते तोलत राहतात. ओटी गच्च होईपर्यंत थांबू नका, तीनेक किलोला रिकामी करा. खालची बोंडं वेचताना पाठीतून वाकण्याऐवजी एक पाय पुढे टाकून गुडघा मोडा. दर तासाला उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाच वेळा हळूच मागे झुका.

घरी आल्यावर चटई टाका. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी घ्या, दहा आकडे मोजा, सोडा. असं पाच वेळा. मग हात आणि गुडघ्यांवर येऊन श्वास सोडताना पाठ मांजरीसारखी वर फुगवा, श्वास घेताना खाली सोडा; दहा वेळा. शेवटी पाय भिंतीला उभे टेकवून पाच मिनिटं पडून राहा, पायांवरची सूज उतरते. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. शेकायला दोन मुठी खडेमीठ तव्यावर गरम करून जाड सुती कापडात पुरचुंडी बांधा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे चटका बसला तर कमरेलाही बसेल. पंधरा मिनिटं पुरे. दुखणं पायातून खाली पोटरीपर्यंत उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल तर शेक आणि व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठा.

बोटांना जुन्या सुती मोज्याच्या टोप्या शिवून घ्या, अंगठा आणि दोन बोटं झाकली तरी पुरे. रात्री कोमट पाण्यात हात पाच मिनिटं बुडवा, पूर्ण न पुसता ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. कोरड्या हाताला लावलं तर फायदा निम्माच होतो. आणखी एक, आणि हे बोटांच्या चिरांहून मोठं आहे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात कधीही टाकू नका. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका.

प्रश्न : कुलर लावूनही घरात चिकचिक होते, दुपारी डोळा लागत नाही. (ब्रह्मपुरी, चंद्रपूर)

उत्तर : तुमचा कुलर बंद खोलीत चालत असणार. कुलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती दमट हवा बाहेर गेली नाही की खोलीतला ओलावा वाढत जातो, घाम सुकत नाही आणि चिकचिक होते. कुलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर असा ठेवा. समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. सुरू करताना आधी पाच-दहा मिनिटं फक्त मोटर चालवून गवत किंवा वाळा पूर्ण भिजू द्या, मग पंखा लावा. मागच्या वर्षीचं गवत काळं पडून दडपलं असेल तर बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासा, नुसतं वरून पाणी बदललं तर डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनही काढा, दरवेळी. लोखंडी कुलरला अर्थिंग नसेल तर ते करून घेतल्याशिवाय लेकरांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नका.

प्रश्न : जेवणानंतर जरा पडलं की सासूबाईंच्या कपाळावर आठी येते. रात्री मोकळं व्हावं तर मोबाइलवर तास जातो आणि झोप उडते. लेकरांसोबत सगळ्यांना हसवेल असं काही सुचवा. (मेहकर तालुका, बुलडाणा)

उत्तर : दुपारची वेळ ठरवून टाका, उदाहरणार्थ दीड ते दोन, आणि सगळ्यांना ती माहीत असू द्या. अधूनमधून पडणाऱ्या सुनेची तक्रार होते, वेळ बांधलेली असली की हळूहळू घर ती धरून चालतं. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर झोपू नका, त्यानंतर गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड होतं. सासूबाईंसाठीही शेजारी चटई टाका. "आई, तुम्हीपण पाठ टेका थोडी," असं रोज म्हटलंत तर आठी टिकणं कठीण आहे. त्यांनाही विसावा हवाच असतो, फक्त त्यांना तो कधी कुणी दिलेला नसतो.

रात्रीसाठी अष्टाचंगा मांडा. मोबाइल त्या वेळेपुरता दुसऱ्या खोलीत. फरशीवर खडूनं पाच बाय पाचचे २५ चौकोन काढा. मधल्या चौकोनात आणि चारही बाजूंच्या मधोमध फुली मारा. फुलीवरची गोटी कुणी मारू शकत नाही. कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्या, खरबरीत दगडावर पाण्याचा थेंब टाकून एका बाजूनं पांढरं सपाट दिसेपर्यंत घासा. चारही सारखे घासा, एखादा जाड राहिला तर तो सारखा त्याच अंगावर पडतो आणि भांडणं लागतात.

चारही टाकले की जितके पांढरे वर, तितकी घरं. चारही पांढरे म्हणजे चंगा, ४. चारही काळे म्हणजे अष्टा, ८. चंगा किंवा अष्टा पडला की परत टाकायचं. कडेवर उभा राहिलेला चिंचोका मोजायचा नाही, डाव पुन्हा टाकायचा. प्रत्येकाच्या चार गोट्या: एकाचे खडे, एकाच्या काड्या, एकाचे तुरीचे दाणे, एकाच्या शेंगांची टरफलं. आपल्या फुलीवरून निघायचं, बाहेरच्या १६ घरांतून घड्याळाच्या उलट फिरायचं, मग आतल्या ८ घरांतून घड्याळाच्या दिशेनं, आणि मधल्या घरात नेमक्या आकड्यानंच शिरायचं. दुसऱ्याची एक तरी गोटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही, आणि सगळी गंमत या नियमात आहे. घाबरून फुलीवर बसून राहणाऱ्यालाही शेवटी कुणाच्या तरी मागे लागावंच लागतं.

चौघांचा पूर्ण डाव अर्ध्या-पाऊण तासाचा होतो. सकाळी लवकर उठायचं असेल तर दोन-दोन गोट्यांनी खेळा. लहान्याला हरणं सोसत नसेल तर त्याला सासूबाईंच्या जोडीला बसवा. घरात रांगतं लेकरू असेल तर खेळ संपला की चिंचोके आणि दाणे मोजून डब्यात टाका, घशात अडकण्याइतकेच ते असतात.