वायरगार्ड (व्हीपीएन) टर्मिनलवरून 'अप' होतं, पण कोथरूडच्या घरून हिंजवडीच्या ऑफिसातला सर्व्हर पिंग होत नाही, काय करू?

'डब्ल्यूजी-क्विक अप' नीट चाललं म्हणजे टनेल (घर आणि ऑफिसमधला सुरक्षित दुवा) जोडला गेला असं नाही. एक पिंग सोडून लगेच 'सुडो डब्ल्यूजी शो' चालवा आणि 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखल्याची खूण) ही ओळ दिसते का बघा. वायरगार्ड अनोळखी पाकिटांना उत्तरच देत नाही, त्यामुळे किल्ली चुकली तरी एरर येत नाही. (सुरक्षेला उत्तम, आपल्या डोक्याला ताप.)

ओळ नसेल तर दोन्हीकडच्या पब्लिक की ताडून बघा आणि ऑफिसच्या राउटरवर कॉन्फिगमधला पोर्ट, बहुधा ५१८२०, यूडीपीसाठी फॉरवर्ड केलाय ना ते पाहा. टीसीपी उघडून उपयोग नाही. गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

ओळ असूनही पिंग जात नसेल तर:
- तुमच्या 'अलाउड आयपीज'मध्ये (टनेलमधून कुठले पत्ते जायचे त्या यादीत) ऑफिसच्या लॅनची रेंज हवी
- सर्व्हर टनेलच्या मशीनहून वेगळा असेल, तर टनेलच्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली पाकिटं पुढच्या मशीनकडे पाठवणं) चालू हवं
- घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१.० हीच रेंज असेल, तर एक बदला

मात्र ऑफिसची लाइन सीजीनॅटमागे असेल (म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटत असेल) तर पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही, सरळ उपाय म्हणजे पब्लिक आयपी घेणं. घरची लाइन तशी असली तरी चालते.