टाक्या हलवल्यानंतर रेडिएटर गार का राहतात?

प्रश्न : ब्रिटनमधील आमच्या जुन्या घरात पोटमाळ्यावर खोली काढण्यासाठी तेथील पाण्याच्या दोन्ही टाक्या उतरत्या छपराखाली, पूर्वीपेक्षा खालच्या पातळीवर हलवल्या. तेव्हापासून वरच्या मजल्यावरील रेडिएटर (बॉयलरचे गरम पाणी पंपाने आत फिरवून खोली उबदार ठेवणारी पोकळ पाती) वरच्या बाजूने गार राहतात, हवा काढली तरी ती पुन्हा भरते आणि पाइपांतून खळखळ ऐकू येते. प्लंबर पंप बदलायला सांगतात. बदलावा का?

उत्तर : पंप इतक्यात बदलू नका. टाक्या हलवण्यापूर्वी तो व्यवस्थित चालत होता. बदलली आहे ती पाण्याची उंची आणि पाइपांची वाट.

मोठी टाकी नळांना आणि गरम पाण्याच्या सिलिंडरला पाणी पुरवते; रेडिएटरांशी संबंध आहे तो लहान टाकीचा. तिच्यातून खाली जाणारा पाइप यंत्रणेतील पाण्याची तूट भरून काढतो, तर दुसरा, म्हणजे व्हेंट पाइप, वर चढून, वळून टाकीवर उघडा राहतो. टाकी एक मीटर खाली आली की यंत्रणेतील दाब सुमारे 0.1 बारने घटतो. आकडा किरकोळ वाटतो, परंतु वरच्या मजल्यावरील रेडिएटरांवर मुळातच फार दाब नसतो, त्यामुळे पंपाच्या ओढीने व्हेंटमधील पाणी खाली खेचले जाऊन त्यामागोमाग हवा आत शिरू शकते.

याची खात्री घरीच करता येते. यंत्रणा पूर्ण गार असताना पाण्याने भरलेला पेला असा धरा की व्हेंटचे तोंड त्यात बुडेल, आणि खालून कोणाला तरी पंप सुरू करायला सांगा. पेल्यातील पाणी ओढले गेले, तर हवा तिथूनच येत आहे. उलट व्हेंटमधून टाकीत पाणी पडत असेल, तर तेच पाणी हवा घेऊन परत फिरते; अशा वेळी लहान टाकीतील पाणी गरम लागते.

या दोन्ही गोष्टींमागे पुष्कळदा साचलेला काळा गाळ असतो. यंत्रणा रिकामी करून भरताना तो ढवळला जातो आणि पुरवठ्याचा पाइप मुख्य पाइपला मिळतो तिथे अडकतो. तांब्याच्या पाइपला लोहचुंबक चिकटत नाही. त्या सांध्यावर तो चिकटला, तर आत लोखंडाच्या गंजाचा गाळ आहे असे समजावे आणि तेवढा भाग कापून नवा बसवून घ्यावा.

नव्या जागेपर्यंत नेलेले पाइपही नजरेखालून घाला. तुळईवरून नेताना पाइपला उंचवटा आला की तिथे हवा धरते, म्हणून पुरवठ्याचा पाइप सलग उतरता आणि व्हेंट सलग चढता हवा. व्हेंटवर कोणताही व्हॉल्व्ह असता कामा नये. बॉयलर बेफाम तापला तर सुटकेची वाट तीच आहे. लहान टाकीचा बॉलकॉकही तपासा: 10 अंशांवरून 80 अंशांपर्यंत तापताना 100 लिटर पाणी सुमारे 3 लिटरने वाढते, म्हणून गार असताना टाकीत थोडेच पाणी असावे.

गंजरोधक द्रावण पुन्हा घातले का, हेही विचारा. पाणी काढताना ते वाहून जाते.

एवढे करूनही हवा शिरत राहिली, तर टाकी आणि व्हेंट पुन्हा उंच घेणे हा सरळ उपाय आहे. छपरामुळे ते अशक्य असेल, तर बॉयलरच्या निर्मात्याची मुभा आहे का हे पाहून बंद दाबाची, म्हणजे उघडी टाकी आणि व्हेंट नसलेली, यंत्रणा करून घ्यावी. बॉयलर गॅसचा असल्यास त्याचे काम गॅस सेफ (ब्रिटनमधील गॅस कारागिरांची अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.