रसेल ग्रुपचा शिक्का किती कामाचा?
तुम्हाला ब्रिटनमध्ये मटेरियल्समध्ये (धातू, पॉलिमर अशा पदार्थांच्या अभ्यासात) एमएससी करायचंय, मँचेस्टर, शेफील्ड आणि लफबरा अशा तीन ऑफर आल्यात, आणि एजंट म्हणतो लफबरा ‘रसेल ग्रुप’मध्ये नाही म्हणून सोडून द्या. आधी एजंटलाच सोडा.

रसेल ग्रुप हा काही सरकारी दर्जा नव्हे. लंडनच्या रसेल स्क्वेअरमधल्या हॉटेलात कुलगुरूंच्या बैठका व्हायच्या, त्यातून १९९४ साली विद्यापीठांची ही संघटना निघाली. आज २४ विद्यापीठं सदस्य आहेत. सगळी संशोधनात दादा आहेत, वादच नाही. पण बाथ आणि सेंट अँड्र्यूज बाहेर आहेत. ज्या लेस्टरमध्ये १९८४ साली डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लागला, तेही बाहेरच!

कोणी ‘रेफ २०२१’चे (ब्रिटिश विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनाचे) निकाल बघा म्हणेल. जरूर बघा, पण त्यात जवळपास सगळं इंजिनिअरिंग एकाच गठ्ठ्यात आहे, मटेरियल्स वेगळं काढून दिसत नाही. शिवाय तिथे संशोधन तपासतात, शिकवणं नाही.

तुमच्या वाट्याला संशोधन येणार ते मुख्यतः उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टमध्ये. १८० पैकी साधारण ६० क्रेडिट्स त्याचेच असतात. मी एका प्रोफेसरांचं नाव वाचून गेलो, तर ते वर्षभर सबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासरजेवर. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळाला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आणि रिपोर्ट द्यायचा होता सप्टेंबरच्या पहिल्या. चार फोटो काढले आणि त्यावर वीस पानं रेटली.

मँचेस्टरला २००४ साली ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) वेगळं काढलं, २०१० साली त्यावर नोबेल मिळालं. मटेरियल्सच्या संशोधनासाठीच्या रॉयस इन्स्टिट्यूटचं मुख्य केंद्रही तिथेच. शेफील्ड तर पोलादाचंच गाव, स्टेनलेस स्टील १९१३ साली तिथलंच. बोइंगसोबत २००१ मध्ये सुरू केलेलं तिथल्या विद्यापीठाचं एएमआरसी हे उत्पादन-तंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र मात्र गावाबाहेर, रॉदरहॅमच्या हद्दीला आहे. एमएससीवाल्यांना तिथे काम मिळतं का, हे लेखी विचारा.

पुढे पीएचडी पक्की असेल तर एमरेसचा (संशोधनावर भर असलेल्या मास्टर्सचा) विचार करा. लग्न झालं असेल तर आणखी एक: जानेवारी २०२४ पासून जोडीदाराला सोबत नेता येतं ते फक्त रिसर्च कोर्सवर (किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तर).

मेटलर्जीत रस असेल तर माझं मत शेफील्डला, पॉलिमर असेल तर लफबराचं नाव मुळीच खोडू नका. तिघांनाही आजच मेल टाका: गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टच्या विषयांची यादी द्या, आणि त्यातले किती लॅबमध्ये झाले, किती नुसतं वाचून, तेही सांगा. उत्तर आल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.