२०१९चा दावा अजून तारखांवरच, काय करू?

प्रश्न : मी सिडकोत राहते, वय ६३. मखमलाबादला वडिलांची जमीन आहे, ती दोघा भावांच्या ताब्यात. वाटपाचा दावा २०१९ ला टाकला. दर तारखेला सीबीएस बसस्टँडला उतरायचं, कोर्टात बाकड्यावर बसायचं, पुकारा झाला की भावांचे वकील मुदत मागतात, ती मिळते, चला घरी. आमचे वकील म्हणतात कोर्टाचं असंच असतं, तुम्ही कशाला येता, मी आहे ना. वेळेत न्याय मिळणं हा हक्क आहे म्हणतात, मग भावांचं न ऐकताच निकाल द्या असं सांगता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो, नाही. भावांना बोलूच न देता निकाल घेतलात तर ते अपिलात जाऊन तो रद्द करून आणतील, की तुमचे पहिले पाढे पंचावन्न. पण बोलायची संधी म्हणजे हवी तितकी मुदत, असंही नाही ना.

हक्काचं म्हणाल तर १९७९ ला हुसैनारा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टाने लवकर खटला चालणं हे राज्यघटनेच्या कलम २१ मध्येच (जगण्याचा हक्क) येतं असं सांगितलं, पण ते बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल होतं. तुमच्या कामाची गोष्ट दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. त्यातला आदेश १७ बघा, सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये, आणि वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत हे कारण चालत नाही. आता आजारपण, अपघात असं खरंच काही असेल तर सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सवलत ठेवलीय, आणि तिचाच सगळे फायदा उठवतात. म्हणून याच संहितेचं कलम ३५-ब लक्षात ठेवा, उशीर केला म्हणून कोर्टाने भावांना खर्च लावला आणि तो पुढच्या तारखेला भरला नाही तर त्यांचा बचाव तिथेच अडतो.

पहिलं काम, रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टातल्या दर तारखेच्या नोंदींच्या, नकलेसाठी अर्ज टाका. कुठल्या तारखेला मुदत कोणी मागितली, न्यायाधीश साहेब रजेवर होते का, सगळं त्यात असतं. आणि खरं सांगू का, बऱ्याचदा त्यात "वादीतर्फे (म्हणजे तुमच्याच बाजूने) मुदतीचा अर्ज" हेही निघतं, मग "तुम्ही कशाला येता" याचा अर्थ कळतो! तसं निघालं तर वकील बदला. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

भावांच्याच मुदती निघाल्या तर पुढच्या प्रत्येक मुदतीच्या अर्जाला लेखी हरकत घ्या, खर्च मागा, आणि वयाचा पुरावा जोडून दावा लवकर चालवण्याचा अर्ज द्या. तरीही हललं नाही तर मुंबईला हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२७ खाली, दावा अमुक मुदतीत संपवा असा आदेश मागता येतो.

अजून एक, हे आधी करा खरं तर. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे (जिथे खरेदीखत नोंदवतात तिथे) नोंदवलीय का ते वकिलांना विचारा. नसेल नोंदवली आणि भावांनी मधेच जमीन विकली, तर घेणारा म्हणेल तुमचा दावा मला बांधत नाही.