टेक्सासमध्ये घेतलेल्या जमिनीवर रानटी हरणं येतात. त्यांच्या चारा-पाण्याची सोय कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅन अँटोनियोच्या वायव्येला साठ एकर घेतलेत, घर अजून बांधायचंय, शनिवार-रविवारी जाता तेव्हा दहा-बारा हरणं दिसतात, उन्हाळ्यात ओढा आटतो, आणि शेजारी म्हणतोय की फीडर (ठरल्या वेळी दाणे उधळणारा यंत्राचा डबा) लावून मका टाका. टाकावा का, किती टाकावा आणि पाण्याचं काय करावं?

आमची जागा त्याच पट्ट्यात, हिल कंट्रीत आहे. १४० एकर, अकरा वर्षं झाली. मी मूळची माण तालुक्यातली, त्यामुळे पाण्याबद्दल जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या.

तर आधी पाणी. मका राहू द्या बाजूला.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच घेतात तसा गुरांसाठीचा गोल पत्र्याचा हौद आणला, दोन फूट उंच. मोठी हरणं पीत होती. पाडसांचं तोंड काठापर्यंत पोचत नव्हतं. आणि दर आठवड्याला हौदात काहीतरी मेलेलं: खार, चिमणी, एकदा लावा पक्ष्याची दोन पिल्लं. पाणी कुजलं की हरणं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे सोय करूनही फुकट. आता आमच्याकडे काँक्रीटची बुटकी डोण आहे, जमिनीत निम्मी पुरलेली. एका बाजूला तळापर्यंत उतार आणि त्यावर खडबडीत दगड, म्हणजे आत पडलेला जीव आपला आपण चढून बाहेर येतो. तुम्ही पत्र्याचाच हौद ठेवणार असाल तर निदान जाळीचा एक तुकडा वाकवून आत उतरता सोडा.

बोअर असेल तर टाकी आणि फ्लोट व्हॉल्व्ह (डोण भरली की आपोआप बंद होणारा तरंगता नळ), एवढं पुरतं. फक्त व्हॉल्व्हवर झाकण हवंच. रकून म्हणजे मांजराहून थोडा मोठा, हातासारखे पंजे असलेला इथला निशाचर प्राणी, त्याच्या हाताला स्वस्थता नसते. आमचा फ्लोट त्यांनी एका रात्री असा काही अडकवला की टाकीतलं सगळं पाणी सकाळपर्यंत वाहून गेलं. मी गेले तेव्हा डोणीभोवती गुडघाभर चिखल आणि त्यात लोळून गेलेल्या रानडुकरांच्या अंगाचे ठसे, अगदी केसांच्या रेघांसकट. चिखलाचा त्रास नुसता डुकरांचा नाही. हरणांना रक्तस्रावाचा जो साथीचा आजार होतो (इथे सगळे ईएचडी म्हणतात), तो पसरवणाऱ्या बारीक चावऱ्या माशा अशाच ओल्या चिखलात वाढतात. जास्तीचं पाणी वाहून जाणार असेल तिथे खडी अंथरा.

बोअर नसेल तर पावसाचं पाणी. दहा बाय वीस फुटांचा पन्हाळी पत्रा तिरका बसवून खाली टाकी ठेवलीत तर एक इंच पावसात सुमारे साडेचारशे लिटर जमतात. एक हरीण उन्हाळ्यात दिवसाला दोन-चार लिटर पितं, पाजणारी मादी जास्त. हिशोब तुमचा तुम्ही करा. २०११सारखं वर्ष आलं (टेक्सासमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता) तर पत्र्याच्या भरवशावर राहता येणार नाही, टँकर बोलवावा लागेल. टँकर म्हटलं की आम्हा माणच्या लोकांना घरची आठवण येते.

डोणीची जागा अशी निवडा की पिताना हरणाला चहूकडचं दिसेल. दाट झाडीच्या कुशीत ठेवली तर ती येतात, पण मान वर-खाली करत, दोन घोट घेऊन पळतात.

आता मका. इथे मका विकत मिळतो तो हरणाला बोलवायला, पोसायला नाही. त्यात प्रथिनं जेमतेम सात ते नऊ टक्के. हंटजवळ राज्याच्या वन्यजीव खात्याचं केर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया आहे. तिथे बंदिस्त व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या, इथल्या मूळच्या) हरणांना आठ टक्के आणि सोळा टक्के प्रथिनांचा आहार देऊन वर्षानुवर्षं तुलना केली गेली. सोळावाल्यांची शिंगं आणि अंग दोन्ही सरस भरली. आठ टक्के म्हणजे काय, तर शेजाऱ्याचा मका. शिवाय उपाशी जनावराला एकदम मका पडला तर कोठीपोटात आम्ल वाढून ते दगावूही शकतं. आपल्याकडे गाय धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोट फुगवून घेते, तेच हे. पोटातल्या जिवाणूंना नवीन खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

तरी टाकायचाच असेल तर बॅगेवर अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) २० पीपीबीपेक्षा (अब्जात वीस भागांपेक्षा) कमी असं छापलेलं असेल तीच घ्या आणि पावसानंतर डबा उघडून बघा. ओल धरलेल्या मक्याचा हिरवट गठ्ठा डब्याच्या तळाशी बसलेला असतो. तो हरणांपेक्षाही टर्की आणि लाव्यांना बाधतो.

आणि फीडरवर येतं कोण? आमचा यंत्राचा डबा पहाटे सव्वासहाला खर्रर्र करून सहा सेकंद फिरायचा. कॅमेऱ्यात बघितलं तर आवाज व्हायच्या दहा मिनिटं आधीपासून रकून रांगेत बसलेले. मग डुकरं. हरणं कडेला उभी, उरलंसुरलं टिपायला. डुकरांसाठी फीडरभोवती पावणेतीन फूट उंचीच्या जाळीचं कुंपण घालतात. मोठी हरणं सहज उडी मारतात, लहान पाडसं मात्र बाहेर राहतात.

यापेक्षा मला सरकी पटते. हो, तीच सरकी, जी आपण म्हशीला घालतो. प्रथिनं बावीस-तेवीस टक्के, तेल भरपूर आणि डुकरं-रकून तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. जाळीच्या गोल पिंजऱ्यात भरून ठेवायची, हरणं बाहेरून ओढून खातात. सुरुवातीला नाकं मुरडतील, दोन-तीन महिनेही जाऊ शकतात. सोळा ते वीस टक्क्यांची गोळीपेंडही मिळते, पण ती डुकरांना फार आवडते आणि खिशाला झेपत नाही. देणार असाल तर फेब्रुवारी-मार्च ते ऑगस्ट द्या, नरांची शिंगं वाढतात आणि माद्या पाजत असतात तेव्हा. शरद ऋतूत ओकची फळं पडायला लागली की तुमच्या महागड्या पेंडीला कुणी विचारत नाही.

पण खरं सांगू? हे सगळं दुय्यम आहे. पुढच्या शनिवारी एक काम करा. कुठल्याही हॅकबेरीच्या किंवा स्पॅनिश ओकच्या झाडाखाली वाका आणि बघा. हरणाचं तोंड पोचतं तिथपर्यंत, म्हणजे चार-साडेचार फुटांपर्यंत, एकही पान नसेल आणि त्याच्यावर सगळं हिरवं असेल, एखाद्या न्हाव्याने वाटी ठेवून कापल्यासारखं, तर तुमच्या जमिनीवर तोंडं जास्त झालीत. मग तुम्ही जितकं खाद्य ओताल तितकी पाडसं जगतील आणि उरलेला पालाही तीच संपवतील. व्हाइटटेल मुख्यतः पाला, कोवळे शेंडे आणि रुंद पानांचं तण खातं. जून गवत त्याला पचत नाही. आपल्याला वाटतं, एवढं गवत वाढलंय, काय कमी आहे? तिथेच फसायला होतं.

आणि इथे गंमत येते. तुम्हाला ठिपक्यांची हरणं दिसली असतील तर डोळे चोळू नका, ती आपली चितळंच आहेत. १९३२ साली टेक्सासमध्ये आणली, कुंपणं ओलांडून केव्हाच रानटी झाली. काळवीटही त्याच सुमाराचं. पहिल्यांदा संध्याकाळी चितळाच्या नराची आरोळी ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, नागझिऱ्याला ऐकली होती तशीच. पण प्रेम बाजूला ठेवून सांगते: चितळ पाला संपला की गवतावर राहतं, व्हाइटटेल राहू शकत नाही. केरमध्येच १९७१ साली ९६ एकरांच्या बंदिस्त आवारात सहा व्हाइटटेल आणि सहा सिका (जपानकडचं, असंच गवतावर निभावणारं हरीण) एकत्र सोडली. नऊएक वर्षांत सिका साठच्या वर गेली आणि व्हाइटटेल एकही उरलं नाही. म्हणून सरकीवर चितळांचा कळप पोसायला लागलात तर इथल्या मूळच्या हरणाच्या मुळावर उठाल. २०२१च्या फेब्रुवारीतल्या बर्फात चितळं खूप मेली, पण नंतर पुन्हा भरली.

तोंडं कमी करायची म्हणजे शिकार, आणि इथे आपल्या बऱ्याच लोकांचं घोडं अडतं. भारतात १९७२च्या कायद्याने ती बंद आहे, ते आपल्या हाडीमाशी भिनलेलं. इथे व्हाइटटेल राज्याच्या मालकीचं, तुमच्या कुंपणात असलं तरी. पण हंगामात, परवाना असलेल्या माणसाला तुमच्या जमिनीवर येऊ द्यायचं की नाही हे तुमच्या हातात. चितळ परदेशी धरतात, त्याला हंगामच नाही. मी बंदूक हातात धरलेली नाही, धरणारही नाही. दर नोव्हेंबरात शेजारचे बापलेक येऊन माद्या मारतात आणि मी त्या दोन दिवसांत शहरात असते. पण खायला घालायचं आणि कमी करायचं नाही, हे मला पटत नाही. तुम्हाला शिकार नकोच असेल तर खाद्यही घालू नका, नुसतं पाणी ठेवा.

रोगाचंही लक्षात घ्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांना खंगवून मारणारा रोग) टेक्सासमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडला, २०१५ साली मदिना काउंटीत पाळीव व्हाइटटेलमध्ये. लाळेतून पसरतो, मातीत टिकतो, औषध नाही. एकाच डब्यात वीस तोंडं घातली की काय होणार ते सांगायला नको. तुमची काउंटी कुठल्या निर्बंधात येते का ते आधी विचारून घ्या.

सिडार (इथलं माजणारं जुनिपरचं झाड) तोडून पाला वाढवा असं कुणी ना कुणी सांगेलच. कोवळा, दाट माजलेला तोडा. जुन्या झाडांना हात लावू नका. सोनेरी गालांचा वॉर्बलर हा चिमुकला पक्षी त्यांच्याच सालीच्या पट्ट्यांनी घरटं बांधतो. तो फक्त मध्य टेक्सासमध्ये वीण घालतो आणि संरक्षित आहे.

कराचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जमिनीला आधीपासून शेतीचं मूल्यांकन असेल तर वन्यजीव व्यवस्थापनाखाली तोच कमी कर चालू ठेवता येतो, १९९५ साली मतदारांनी मंजूर केलेली सोय आहे. सात कामांपैकी किमान तीन करावी लागतात. पूरक पाणी, पूरक खाद्य आणि मोजणी ही त्यातलीच. किमान एकरांची अट काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टला (करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या कचेरीला) विचारा. राज्याच्या वन्यजीव खात्याचा बायॉलॉजिस्ट जमिनीवर येऊन फुकट सल्ला देतो. आमच्याकडे आला तेव्हा फीडरकडे त्याने बघितलंही नाही, तासभर झुडपांची शेंडे-पानं चाचपत फिरला.

साठ एकर हरणाच्या हिशोबाने लहानच, त्यांचा वावर काहीशे एकरांचा असतो. त्यामुळे शेजाऱ्याशी वाद घालू नका. तो मका टाकतोय तर टाकू दे, तुम्ही डोण बांधा आणि आठवड्याच्या मधे एकदा फ्लोट बघायला त्यालाच सांगा. त्याची हरणं तशीही तुमच्याकडे प्यायला येणारच आहेत.